नाकारलेला भूतकाळ : ओएमडी, ‘डॅझल शिप्स’ आणि जुन्या आवाजाची मागणी

इलेक्ट्रॉनिक संगीताने आरंभापासून स्वतःला भविष्याचे संगीत म्हणवून घेतले, आणि म्हणूनच या प्रकारातला एखादा जुना बँड तीन-साडेतीन दशकांनंतर आपल्याच पहिल्या आवाजाकडे वळतो, तेव्हा त्याच्या चाहत्यांपुढे एक पेच उभा राहतो. घराणेदार गायकीत पूर्वसूरींशी निष्ठा हा गुण मानला जातो; येथे मात्र जो आवाज नावीन्याच्या हव्यासातून जन्मला, त्याचीच पुनरावृत्ती करणे ही निष्ठा की प्रतारणा, हा प्रश्न सहज सुटत नाही. इंग्लंडच्या मर्सीसाइड परिसरातील ‘ऑर्केस्ट्रल मनूव्हर्स इन द डार्क’, म्हणजेच ओएमडी, या बँडने २०१३ मध्ये ‘इंग्लिश इलेक्ट्रिक’ हा अल्बम प्रसिद्ध केला आणि त्याचे चाहत्यांनी जे स्वागत केले, ते या पेचाचे बोलके उदाहरण आहे. कारण ‘जुना, खरा आवाज परत आला’ असे म्हणताना चाहते ज्या भूतकाळाचा दाखला देत होते, त्याचा मोठा भाग तीस वर्षांपूर्वी बहुसंख्य श्रोत्यांनी नाकारलेला होता.

लिव्हरपूलच्या समोर, मर्सी नदीच्या पलीकडे विरल हे द्वीपकल्प आहे. अँडी मॅक्लस्की आणि पॉल हम्फ्रीज हे ओएमडीचे दोन्ही संस्थापक तेथेच वाढले. सप्टेंबर १९७५ मध्ये लिव्हरपूलच्या एम्पायर नाट्यगृहात ड्युसेलडॉर्फच्या ‘क्राफ्टवर्क’ या जर्मन बँडचा कार्यक्रम झाला, तेव्हा श्रोत्यांत सोळा वर्षांचा मॅक्लस्की होता. क्राफ्टवर्कने गिटार बाजूला सारून विद्युत्-लहरींपासून स्वर घडवणाऱ्या सिंथेसायझरवर आपले संगीत उभे केले होते, आणि १९७४ च्या ‘आउटोबान’ या मोटाररस्त्यावरील दीर्घ रचनेमुळे त्यांचे नाव अमेरिकेपर्यंत पोहोचले होते. त्या कार्यक्रमाने आपल्या आयुष्याची दिशा ठरवली, असे मॅक्लस्कीने पुढे वारंवार सांगितले आहे. परंतु दिशा सापडली तरी साधने नव्हती. हम्फ्रीजला इलेक्ट्रॉनिक्सची आवड होती, त्यामुळे जुन्या रेडिओंचे सुटे भाग जोडून आवाज काढणारी यंत्रे तयार झाली. पुढे कोर्ग कंपनीचा ‘मायक्रो-प्रीसेट’ हा छोटा सिंथेसायझर घरपोच विक्रीच्या कॅटलॉगमधून हप्त्यांवर घेण्यात आला. १९७८ मध्ये लिव्हरपूलच्या ‘एरिक्स’ या क्लबमध्ये हे दोघे प्रथम ओएमडी या नावाने रंगमंचावर आले, तेव्हा ड्रमवादकाची जागा एका टेपरेकॉर्डरने घेतली होती आणि त्या यंत्राला त्यांनी ‘विन्स्टन’ असे नाव दिले होते.

साधनांच्या या टंचाईतूनच बँडचा विशिष्ट आवाज घडला. ‘प्रीसेट’ सिंथेसायझरमध्ये स्वरांचे ठरावीक प्रकार कारखान्यातच बसवलेले असतात, आणि त्या काळच्या स्वस्त यंत्रांवर एका वेळी एकच सूर वाजत असे. परिणामी सुरांचे भरगच्च थर रचण्यापेक्षा एकच सरळ, लक्षात राहणारी धून पुढे आणणे भाग पडे. १९७९ मध्ये मँचेस्टरच्या ‘फॅक्टरी’ कंपनीने काढलेले ‘इलेक्ट्रिसिटी’ किंवा हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणाऱ्या विमानाचे नाव धारण करणारे १९८० चे ‘इनोला गे’, या दोन्ही गाण्यांत ध्रुपदाचे काम गायक करत नाही, ते सिंथेसायझरची धून करते. पुढच्या काळात चाहते ज्याला ‘ओएमडीचा आवाज’ म्हणू लागले, त्याच्या मुळाशी सौंदर्यविचार जितका होता तितकीच अडचणही होती.

१९८१ च्या ‘आर्किटेक्चर अँड मोरॅलिटी’ या अल्बमने बँडला लोकप्रियतेच्या शिखरावर नेले. त्यात मेलोट्रॉन या वाद्याचा मुबलक वापर होता. मेलोट्रॉनच्या प्रत्येक पट्टीखाली ध्वनिमुद्रित फितीचा एक तुकडा असतो आणि पट्टी दाबताच त्या फितीवरील गायकवृंदाचा किंवा तंतुवाद्यांचा सूर काही सेकंद ऐकू येतो. त्यातून या अल्बमला चर्चमधल्या प्रार्थनेसारखी गंभीर छटा मिळाली. ‘सूव्हनिर’, ‘जोन ऑफ आर्क’ आणि ‘मेड ऑफ ऑर्लिन्स’ ही तिन्ही गाणी ब्रिटनमध्ये पहिल्या पाचांत पोहोचली, तर जर्मनीत ‘मेड ऑफ ऑर्लिन्स’ हे १९८२ मधले सर्वाधिक खपाचे गाणे ठरले. अल्बमच्या सुमारे तीस लाख प्रती विकल्या गेल्याचे सांगितले जाते, आणि त्याच साच्यात दुसरा अल्बम घडवावा ही अपेक्षा व्यापारदृष्ट्या स्वाभाविक होती.

मार्च १९८३ मध्ये आलेल्या ‘डॅझल शिप्स’ने ती अपेक्षा जाणीवपूर्वक मोडली. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांना जहाजाचा वेग आणि दिशा नेमकी ओळखता येऊ नये म्हणून जहाजांवर ठळक, वाकडेतिकडे पट्टे रंगवत असत. अशी जहाजे लिव्हरपूलच्या गोदीत उभी असल्याचे चित्र एडवर्ड वॉड्सवर्थ या चित्रकाराने १९१९ मध्ये काढले होते, आणि अल्बमचे नाव त्यावरून आले. आशयही तितकाच अनपेक्षित होता : लघुलहरींवर पकडलेली झेकोस्लोव्हाकियाच्या रेडिओची ओळखधून, निरनिराळ्या देशांत दूरध्वनीवरून वेळ सांगणारे आवाज एकमेकांत मिसळून केलेली रचना, बोलक्या खेळण्याचा यांत्रिक उच्चार, टाइपरायटरची खटखट. शीतयुद्धाने दुभंगलेल्या युरोपचे ते एक ध्वनिचित्र होते. नेहमीच्या धाटणीची गाणीही त्यात होती, पण ‘जेनेटिक इंजिनिअरिंग’ विसाव्या क्रमांकाशी थांबले आणि ‘टेलिग्राफ’ पहिल्या चाळिसांतही आले नाही. खप आधीच्या अल्बमच्या सुमारे दहाव्या हिश्शावर घसरल्याचे मानले जाते. आधीच्या अल्बमच्या कोमल, गंभीर सुरांवर मोहित झालेल्या श्रोत्याला रेडिओचे तुकडे आणि घड्याळांचे आवाज ही थट्टा वाटली, आणि अनेक समीक्षकांनीही अल्बमची गणना फसलेल्या प्रयोगांत केली.

या धक्क्याचे परिणाम दूरगामी ठरले. १९८४ च्या ‘जंक कल्चर’पासून बँडने फेअरलाइट हे ध्वनींचे नमुने साठवून वाजवणारे महागडे संगणकीय वाद्य हाताशी धरले आणि तो उजळ, नृत्यानुकूल पॉपकडे वळला; १९८६ मध्ये ‘इफ यू लीव्ह’ हे चित्रपटासाठी केलेले गाणे अमेरिकेत चौथ्या क्रमांकावर गेले. यश मिळाले, पण १९८९ मध्ये हम्फ्रीज बाहेर पडला. मॅक्लस्कीने एकट्याने बँड चालू ठेवला; मात्र गिटारप्रधान ब्रिटपॉपच्या लाटेत सिंथेसायझरवाले बँड कालबाह्य समजले जाऊ लागले, आणि १९९६ मध्ये त्याने तो गुंडाळला.

त्यानंतरच्या दहा वर्षांत बँड अस्तित्वात नसताना त्याच्या भूतकाळाची किंमत मात्र बदलत गेली. संगणकात कोणताही आवाज हवा तसा निर्माण करता येऊ लागल्यावर मर्यादित क्षमतेच्या जुन्या ॲनालॉग यंत्रांना, म्हणजे अंकांऐवजी सलग विद्युत्-लहरींवर चालणाऱ्या यंत्रांना, नव्याने प्रतिष्ठा मिळाली. तरुण संगीतकारांच्या नव्या पिढीने ऐंशीच्या दशकातील फसलेले अल्बमही कुतूहलाने ऐकले, आणि विक्रीच्या आकड्यांचे ओझे नसलेल्या या श्रोत्यांना ‘डॅझल शिप्स’मध्ये अपयशापेक्षा धाडस दिसले. २००६ मध्ये मॅक्लस्की आणि हम्फ्रीज यांच्यासह बँडचे ऐंशीच्या दशकातील चौघे सदस्य पुन्हा एकत्र आले, २००७ च्या दौऱ्यात त्यांनी ‘आर्किटेक्चर अँड मोरॅलिटी’ संपूर्ण सादर केला, आणि २००८ मध्ये ‘डॅझल शिप्स’ची नवी आवृत्ती बाजारात आली.

पुनर्मीलनानंतरचा पहिला अल्बम ‘हिस्टरी ऑफ मॉडर्न’ २०१० मध्ये आला, तेव्हा चाहत्यांची प्रतिक्रिया आनंदाची असली तरी संमिश्र होती. जुन्या काळात अर्धवट राहिलेल्या कल्पना, नव्या धर्तीची नृत्यगीते आणि पूर्वीच्या धुनांचे प्रतिध्वनी यांचा तो संग्रह होता. ‘सिस्टर मेरी सेज’मध्ये ‘इनोला गे’ची चाल उघडपणे ओळखू येत असे. ज्यांना परिचित सूर पुरेसे होते ते सुखावले, तर इतरांना बँड स्वतःचीच नक्कल करत असल्यासारखे वाटले. जुना आवाज हुबेहूब वठवणे आणि जुन्या वृत्तीने काम करणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हा भेद येथे प्रथम ठळक झाला.

‘इंग्लिश इलेक्ट्रिक’ने नेमका हा भेद ओलांडण्याचा प्रयत्न केला. वरवर पाहता हा अल्बम आधीच्यापेक्षाही अधिक पूर्वाभिमुख आहे. त्याचे नाव रेल्वे इंजिने आणि लढाऊ विमाने बनवणाऱ्या एका ब्रिटिश कंपनीचे आहे. मराठी वाचकाला ती अगदीच परकी नाही, कारण १९५० च्या दशकात मुंबईहून घाटमार्गे पुण्याकडे धावणारी काही विजेची इंजिने तिच्याच यंत्रसामग्रीवर उभी होती. अल्बममधील ‘मेट्रोलँड’ या गाण्याची पुनरावृत्त होणारी स्वरमाला क्राफ्टवर्कच्या १९७७ मधील ‘युरोप एंडलेस’चे ऋण लपवत नाही, ‘हेलन ऑफ ट्रॉय’ हे शीर्षकच ‘जोन ऑफ आर्क’ची आठवण करून देते, आणि ‘किसिंग द मशीन’ हे तर क्राफ्टवर्कचा माजी सदस्य कार्ल बार्टोस याच्यासह १९९३ मध्ये केलेल्या गाण्याचे नवे रूप आहे. परंतु या गाण्यांच्या मध्ये निवेदकांचे, यंत्रांचे आणि आकड्यांचे आवाज जोडून केलेल्या छोट्या रचना येतात, आणि पहिल्याच रचनेत अपेक्षित भविष्य रद्द झाल्याची सूचना रेल्वे स्थानकावरच्या निर्विकार स्वरात दिली जाते. युद्धोत्तर युरोपने विज्ञान आणि उद्योग यांच्या बळावर जे भविष्य रंगवले होते, ते का आले नाही, हा अल्बमचा खरा विषय आहे.

चाहत्यांच्या स्वागतात दोन सूर स्पष्टपणे वेगळे करता येतात. मोठा वर्ग समाधानी होता, आणि त्याने या अल्बमची तुलना १९८१ च्या यशस्वी अल्बमइतकीच १९८३ च्या अपयशी अल्बमशी केली. ध्वनितुकड्यांच्या त्या छोट्या रचना, ज्या पूर्वी नकोशा झाल्या होत्या, त्याच आता अस्सलपणाची खूण ठरल्या. दुसऱ्या, अधिक चिकित्सक वर्गाचा आक्षेप असा होता की क्राफ्टवर्कचे ऋण येथे प्रेरणेच्या मर्यादेबाहेर जाते, आणि भविष्य हरवल्याची खंत भूतकाळाच्या सुरांत मांडण्यात एक सोयीस्कर हळवेपणा आहे. आक्षेप निराधार नाही. तरीही त्याचे एक उत्तर अल्बमच्या रचनेतच मिळते : ज्या यंत्रांनी एकेकाळी उद्याचे स्वप्न उभे केले, त्या स्वप्नाचा हिशेब त्यांच्याच आवाजात मांडला, तर जुना आवाज केवळ सजावट न राहता पुरावा होतो. स्वतः क्राफ्टवर्कचा अनुभवही या संदर्भात लक्षणीय आहे. १९९१ च्या ‘द मिक्स’मध्ये त्यांनी आपली जुनी गाणी अंकीय तंत्राने नव्याने घडवली, तेव्हा अनेक चाहत्यांना मूळ रचनांची ऊब हरवल्यासारखी वाटली, उलट २००३ मध्ये १९८३ च्या सायकल शर्यतीवरील गाण्याचा धागा उचलून त्यांनी संपूर्ण नवा अल्बम रचला, तो जर्मनीत पहिल्या क्रमांकावर गेला.

श्रोत्यांची पारख अशी उशिराने पालटण्याचे उदाहरण मुंबईतही आहे. हिंदी चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीच्या तत्कालीन नव्या यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवून एक ध्वनिमुद्रिका केली, आणि ती फारशी कोणाच्या लक्षात न येता विस्मृतीत गेली. २०१० मध्ये तिची नवी आवृत्ती निघाल्यावर, शिकागोत ऐंशीच्या दशकाच्या मध्यानंतर रुजलेल्या ‘ॲसिड हाउस’ या नृत्यसंगीताशी तिचे साम्य पाहून पाश्चात्त्य रसिक चकित झाले, आणि सिंग यांना उतारवयात युरोपातील रंगमंचांवर वाजवण्याची संधी मिळाली. ‘डॅझल शिप्स’ आणि सिंग यांची ध्वनिमुद्रिका या दोन्हींच्या बाबतीत ध्वनिमुद्रण तेच राहिले. त्याच्याभोवतीचा पुढचा इतिहास घडल्यावर ते ऐकण्याची सोय झाली.

२०१४ मध्ये ओएमडीने लिव्हरपूलच्या संग्रहालयात ‘डॅझल शिप्स’मधील रचना सादर केल्या, आणि मे २०१६ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये तो अल्बम आणि ‘आर्किटेक्चर अँड मोरॅलिटी’ हे दोन्ही एकाच संध्याकाळी संपूर्ण वाजवले. त्यानंतरचे ‘द पनिशमेंट ऑफ लक्झरी’ (२०१७) आणि ‘बाउहाउस स्टेअरकेस’ (२०२३) हे अल्बम ब्रिटनमध्ये अनुक्रमे चौथ्या आणि दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. यावरून असे म्हणता येते की ज्येष्ठ बँडकडे जुन्या आवाजाची मागणी करणारा चाहता घडून गेलेला काळ जसाच्या तसा मागत नसतो. यशाच्या दडपणाखाली जो मार्ग सोडून द्यावा लागला, तो आता तरी पुढे न्यावा, अशी त्याची अपेक्षा असते. ‘हिस्टरी ऑफ मॉडर्न’ने त्याला ओळखीच्या धुना दिल्या आणि तो अर्धाच समाधानी झाला, ‘इंग्लिश इलेक्ट्रिक’ने १९८३ चा अपुरा राहिलेला प्रयोग पुन्हा हाती घेतला, म्हणून जुन्या यंत्रांचा आवाज असूनही तो अल्बम त्याला नवा वाटला.