काँक्रीटचे वय आणि विजेची ऊब

स्लॅब भरून झाला की दुसऱ्या दिवशी त्यावर सिमेंट-वाळूची आळी घालायची, त्यांत पाणी साठवायचे, कॉलमांना गोणपाट गुंडाळून ते ओले ठेवायचे आणि मग दिवस मोजायचे, ही आपल्याकडची ठरलेली रीत. अमुक दिवशी बाजूच्या फळ्या काढायच्या, तमुक दिवशी टेकू. काँक्रीटचे वय असे दिवसांत मोजून आपले भागते, कारण आपल्या हवेत कालचा दिवस आणि आजचा दिवस यांत फारसा फरक नसतो. जिथे असतो, तिथल्या लोकांना या हिशेबातली खोट आधी कळली. ओल्या काँक्रीटमधून वीज सोडून ते तापवायची युक्ती त्यांनी काढली आणि त्या युक्तीच्या पोटी काँक्रीटचे वय मोजायचे नवे माप जन्माला आले.

काँक्रीट वाळून घट्ट होते हा समज चुकीचा आहे. सिमेंटची पाण्याशी रासायनिक क्रिया होते आणि तीच खडी-वाळूला बांधून ठेवते. म्हणून तर आपण त्यावर पाणी मारतो. थंडीत ही क्रिया मंदावते आणि उणे दहा अंशांच्या आसपास जवळजवळ थांबते. त्याआधीच आतले पाणी गोठले तर नुकसान कायमचे. बर्फ होताना पाणी सुमारे 9 टक्के फुगते आणि कोवळ्या काँक्रीटला आतून उसवते. पुढे ऊन पडून क्रिया पुन्हा सुरू झाली तरी गेलेली ताकद पुरती परत येत नाही. काँक्रीटने साधारण 3.5 मेगापास्कल ताकद कमावली की एखादे गोठणे ते सोसू शकते, असा अमेरिकी इंजिनिअरांचा संकेत आहे. म्हणजे थंड मुलखातली खरी लढाई पहिल्या एक-दोन दिवसांची.

ती लढण्याचे जुने मार्ग सगळे अपुरे होते. हिवाळाभर काम बंद ठेवायचे, हा सर्वांत सोपा. पाणी आणि वाळू-खडी तापवून मग काँक्रीट कालवायचे, भरल्यावर भोवती तंबू ठोकून आत शेगड्या पेटवायच्या, हा खर्चाचा. कॅल्शियम क्लोराइडसारखे क्षार मिसळले की काँक्रीट लवकर आवळते, पण त्याच क्षारांनी आतल्या सळया गंजतात. जाड बांधकामाला भुशाने किंवा गवताने झाकून सिमेंटची स्वतःचीच उष्णता राखता येते. रशियन इंजिनिअर या रीतीला ‘थर्मॉस’च म्हणतात. पातळ भिंतीत आणि कॉलमात मात्र एवढी उष्णता नसतेच मुळी.

सोव्हिएत रशियात 1928 मध्ये पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली. कारखाने आणि वीजकेंद्रे ठरल्या मुदतीत उभी करायची तर हिवाळ्यात हात बांधून बसणे परवडणारे नव्हते. 1930च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनमध्ये आणि रशियात काँक्रीटलाच विजेच्या मंडलात घेण्याचे प्रयोग सुरू झाले. ताज्या काँक्रीटमधल्या पाण्यात सिमेंटचे क्षार विरघळलेले असतात, त्यामुळे त्यातून वीज वाहते. पण विरोध होतच राहतो आणि त्या विरोधातून उष्णता निघते. साच्याच्या दोन बाजूंना लोखंडी पट्ट्या लावल्या किंवा ओल्या मालात सळया खोचल्या आणि त्यांना वेगवेगळ्या फेज जोडल्या, की मधला सगळा माल आतून तापतो. शेगडीची धग बाहेरून आत जायला वेळ घेते. इथे उष्णता जिथे हवी तिथेच तयार होते.

ऐकायला हे सोपे आहे, साइटवर तसे नाही. डीसी करंट चालत नाही. त्याने पाण्याचे विघटन होऊन पट्ट्यांपाशी वायू साठतो. म्हणून एसीच लागतो आणि तोही ट्रान्सफॉर्मरने कमी व्होल्टेजला उतरवलेला, कारण ओल्या साच्याभोवती माणसे वावरत असतात. पट्टी सळईच्या फार जवळ आली तर करंट वाट वाकडी करून तिकडेच धावतो; तेवढाच भाग भाजून निघतो आणि बाकीचा थंड राहतो. पट्टीलगतचे पाणी आटले तर संपर्कच तुटतो, म्हणून वरून झाकण हवेच. शिवाय काँक्रीट जसजसे आवळते तसतसा त्याचा विरोध वाढतो आणि करंट घटतो. मग व्होल्टेज टप्प्याटप्प्याने चढवावे लागते. थर्मामीटर आणि ट्रान्सफॉर्मरची खुंटी यांच्यात रात्रभर फेऱ्या मारणारा माणूस या पद्धतीत गृहीतच धरलेला असतो.

या कटकटीतून एक शाखा फुटली. काँक्रीटमधून वीज नेण्याऐवजी त्यात तापणारी तारच पुरायची. रशियन साइटवर आजही दिसणारी ‘पीएनएसव्ही’ तार म्हणजे प्लास्टिकचे वेष्टण असलेली साधी पोलादी तार. नेहमीच्या जातीचा गाभा 1.2 मिलिमीटर जाडीचा. काँक्रीट ओतण्याआधी ती सळयांच्या जाळीला गुंडाळतात, चौदा-पंधरा अँपिअर करंट सोडतात आणि काम झाले की तिथेच कायमची सोडून देतात. उघड्या हवेत एवढ्या करंटने ती जळून जाईल. काँक्रीट तिची उष्णता सतत शोषून घेते म्हणून ती टिकते. त्यामुळे काँक्रीटबाहेर येणारी टोके दुसऱ्या, न तापणाऱ्या तारेची जोडावी लागतात. हे विसरले की पहिल्याच रात्री तार तोंडाशी तुटते.

खर्चाचा अंदाज कागदावर काढता येतो. एक घनमीटर काँक्रीट एका अंशाने तापवायला सुमारे दोन-तृतीयांश युनिट वीज लागते. 10 अंशांवरून 50 वर न्यायचे तर घनमीटरमागे सुमारे 27 युनिट झाले, आणि बाहेर निसटणाऱ्या उष्णतेची भरपाई वेगळी. हिवाळा लांबलचक आणि वीज सरकारी, अशा देशात हे गणित बसले. पश्चिमेकडे बहुतेक जण वाफेकडे वळले. काँक्रीटचे तयार भाग बनवणाऱ्या कारखान्यांत वाफेच्या खोल्या रुळल्या आणि वीज मागे पडली.

पण तोवर विजेने एक प्रश्न मागे सोडला होता. तापवलेले काँक्रीट दोन दिवसांचे असले तर ते खरे किती दिवसांचे धरायचे? 1949 मध्ये, ‘मॅगझिन ऑफ काँक्रीट रिसर्च’ हे ब्रिटिश नियतकालिक निघाले त्याच वर्षी, जे. डी. मॅकिन्टॉश यांनी विजेने तापवलेल्या काँक्रीटवरचे आपले प्रयोग त्यात मांडले. एका ठरावीक तळापासून वरचे तापमान आणि लागलेला वेळ यांचा गुणाकार करावा आणि तेच काँक्रीटचे वय मानावे, अशी त्यांची सूचना होती. तळ त्यांनी उणे 1.1 अंश धरला. आकडे मात्र एका रेषेत बसले नाहीत. काही महिन्यांतच वाफेवर काम करणाऱ्या आर. डब्ल्यू. नर्स यांनी असाच गुणाकार केला आणि त्यांचे बिंदू एका वक्रावर आले. 1951 मध्ये ए. जी. ए. सॉल यांनी तळ उणे 10.5 अंशांपर्यंत खाली नेला, या गुणाकाराला परिपक्वता म्हटले आणि नियम सांगितला: एकाच मिश्रणाची परिपक्वता सारखी झाली की ताकदही साधारण सारखीच, मग ती कमी वेळ जास्त तापून आलेली असो वा जास्त वेळ कमी तापून.

हिशेब शाळकरी आहे. तळ उणे 10 धरा. 30 अंशांच्या हवेत सात दिवस म्हणजे 40 गुणिले 168, अर्थात 6,720 अंश-तास. तेवढेच अंश-तास 5 अंशांच्या थंडीत जमायला जवळजवळ 19 दिवस लागतात आणि 60 अंशांना तापवले तर चारच.

मात्र चार दिवसांचे हे आश्वासन पुरते खरे नाही. फार लवकर, फार जोरात तापवलेले काँक्रीट कार्बाइड मारून पिकवलेल्या आंब्यासारखे असते: रंग आधी चढतो, गोडी कमी राहते. पहिल्या दिवशी ते सावकाश वाढलेल्या काँक्रीटच्या पुढे असते, महिन्याने मागे पडते. 70 अंशांच्या वर गेले तर धोका वेगळाच. सुरुवातीला तयार व्हायचे एट्रिंगाइट हे संयुग तेव्हा टिकत नाही. काही वर्षांनी, काँक्रीट कडक झाल्यावर, ओलाव्यात ते नव्याने बनते आणि आतून तडे पाडते. म्हणून भरल्यावर काही तास थांबायचे, हळूहळू चढवायचे, ठरावीक मर्यादेत ठेवायचे आणि हळूहळूच उतरवायचे, हा या तंत्राचा शिष्टाचार झाला.

हे नवे माप साइटवर पोचले ते माणसे गमावल्यावर. 2 मार्च 1973 रोजी अमेरिकेत व्हर्जिनियातल्या बेलीज क्रॉसरोड्स इथे बांधकाम चालू असलेली उंच इमारत कोसळून 14 जण मेले. टेकू लवकर काढले गेले, असा नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सच्या तपासाचा निष्कर्ष होता. स्लॅब चार दिवसांचा होता, पण ते चार दिवस सरासरी 7 अंशांचे. 27 एप्रिल 1978 रोजी वेस्ट व्हर्जिनियातल्या विलो आयलंडला कूलिंग टॉवर कोसळला आणि 51 कामगार गेले. तिथले काँक्रीट एका दिवसाचे होते आणि हवा 10 अंशांच्या खाली. दोन्हीकडे दिवस मोजलेले होते, अंश कोणी मोजले नव्हते. 1987 मध्ये परिपक्वतेची पद्धत अमेरिकी मानकांत आली. आता काँक्रीटमध्ये पुरायचे सेन्सर मोबाइलवर अंश-तास दाखवतात.

आपल्याकडे काँक्रीट तापवायची वेळ हिमालय सोडला तर क्वचितच येते. तरी या कुळातली एक ओळ आपल्या आयएस 456 या मानकात आहे. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवसांनी काढावेत, हे तिथले कोष्टक प्रत्येक कंत्राटदाराला पाठ असते. ते लागू होते ते साधे पोर्टलँड सिमेंट वापरले असेल आणि हवा 15 अंशांच्या खाली जात नसेल तेव्हाच, ही अट सहसा कोणी वाचत नाही. निफाडकडे जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या खाली उतरतो, आणि गोण्यांवर बहुधा फ्लाय ॲश मिसळलेले पीपीसी असते. तिथे दिवसरात्रीची सरासरी 18 अंश धरली, तर 30 अंशांच्या हवेतल्या सात दिवसांचे अंश-तास भरायला दहा दिवस लागतात. टेकू काढायची तारीख ठरवताना मिस्त्रीने हे वरचे तीन दिवस मागितले तर ते त्याला द्यावेत.