हार्वर्डची खतावणी आणि बिननावाची माणसं

जुन्या संस्थांचा इतिहास वाचायचा तर गौरवग्रंथ बाजूला ठेवावा आणि हिशेबाच्या वह्या, तक्रारी, दंडाच्या नोंदी उघडाव्यात, असं माझं ठाम मत आहे. सध्या हार्वर्डच्या पहिल्या शंभर-सव्वाशे वर्षांबद्दल वाचतोय.

कॉलेज स्थापन झालं 1636 ला. पहिला मास्तर नॅथॅनिएल ईटन. याने आपल्या सहायकाला अक्रोडाच्या दांडक्याने इतकं बडवलं की 1639 मध्ये प्रकरण वसाहतीच्या न्यायसभेपुढे गेलं. तिथे पोरांनी मेसचीही तक्रार केली. (मेसची तक्रार कॉलेजाइतकीच जुनी आहे, हॉस्टेलवाल्यांनी नोंद घ्यावी!) जेवण ईटनबाई बघायच्या. त्यांचा कबुलीजबाब गव्हर्नर विन्थ्रॉपच्या रोजनिशीत आहे. बिअर कमी पडली, मासे वाईट होते हे मान्य. पण खिरीत शेळीच्या लेंड्या? ते मला ठाऊक नाही, म्हणतात. ईटनची हकालपट्टी झाली.

इथवर हसू येतं. पण त्याच जबाबात एक ओळ आहे: एका विद्यार्थ्याच्या चादर-उशीवर 'मूर' झोपला, हे खरं आहे. मूर म्हणजे घरातला काळा माणूस, बहुधा गुलाम. ज्याची चादर, त्या पोराचं नाव नोंदलंय. झोपला त्याचं नाही.

पुढे 1650 च्या दशकातली कारभारी थॉमस चेशोल्मची खतावणी. रोकड दुर्मीळ, म्हणून फी भरली जायची गहू, माल्ट, लोणी, मेंढ्या देऊन. कुणी काय आणलं, किती जमा झालं, सगळं टिपलेलं. इतका चोख हिशेब की आज एकेका विद्यार्थ्याचं खातं तपासता येतं.

आणि मग पंगत. म्हणजे वर्गातला क्रम. तो मार्कांवर नाही, प्रामुख्याने बापाच्या प्रतिष्ठेवर ठरायचा. यादीतला नंबर हाच वर्गात, प्रार्थनेत, जेवणात बसायचा नंबर. गुन्हा केला तर शिक्षा काय, तर खाली उतरवायचं. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला जॉन अ‍ॅडम्स शेतकऱ्याचा मुलगा, तो 14 वा. क्रांतीच्या काही वर्षं आधी नावं अकारविल्हे लागली. जन्मावरून पंगत लावणारे फक्त आपणच नव्हतो तर!

1650 च्या सनदेत इंग्रज आणि इंडियन, दोन्हीकडच्या तरुणांचं शिक्षण हा हेतू लिहिलेला आहे. वाम्पनोआग जमातीचा केलेब चीशाटोमक 1665 ला पदवीधर झाला. त्याच्या नावाचं लॅटिन पत्र अजून जपलेलं आहे. वर्षभरात तो क्षयाने गेला. त्याचा वर्गमित्र जोएल इयाकूम्स पदवीच्या थोडं आधी जहाज फुटून वारला. पदवी द्यायला हार्वर्डला 2011 उजाडलं.

सगळ्यात जास्त अडकलो ते एका साध्या नोंदीपाशी. कॉलेजचे अध्यक्ष बेंजामिन वॉड्सवर्थ 1726 मध्ये टिपून ठेवतात की आज एक काळी मुलगी विकत घेतली, वय विशीच्या आत असावं, किंमत 85 पौंड. पैसे लगेच दिले नाहीत, हेही लिहितात. ज्याच्याकडून घेतली त्याचं नाव आणि धंदा लिहितात. मुलीचं नाव त्या नोंदीत नाही. हा गृहस्थ दुष्ट म्हणून प्रसिद्ध नव्हता, पाद्री होता. एक व्यवहार झाला, तो लिहिला, इतकंच.

2016 मध्ये वॉड्सवर्थ यांच्या घरावर पाटी लागली. दोन अध्यक्षांकडे गुलाम म्हणून राबलेल्या चौघांची नावं तिच्यावर आहेत: टायटस, व्हीनस, बिल्हा, जुबा. 2022 च्या अहवालात विद्यापीठाने स्वतःच सांगितलं की अध्यक्ष, प्राध्यापक, कर्मचारी यांनी मिळून 70 हून अधिक माणसं गुलामीत ठेवली होती. हे सापडलं कुठे, तर अशाच डायऱ्या, मृत्युपत्रं, चर्चच्या वह्या आणि हिशेब यांच्यात. रद्दीत गेले असते तर पाटीवर लिहायला काही नव्हतं.

ईटनच्या घरातल्या 'मूर'चं नाव मात्र अजून मिळालेलं नाही.