मालेगावचे हौशी चित्रपट

मालेगावचे हौशी चित्रपट : नाशिक जिल्ह्यातील मालेगाव येथे यंत्रमाग कामगार, छोटे दुकानदार आणि लग्नाचे चित्रण करणारे व्हिडिओवाले यांनी एकत्र येऊन अत्यल्प खर्चात तयार केलेले विनोदी चित्रपट. गाजलेल्या हिंदी वा परदेशी चित्रपटाचे विडंबन हे त्यांचे मुख्य लक्षण. भाषा हिंदी-उर्दू मिश्रित, तिला खानदेशी वळण. मुंबईच्या चित्रपटसृष्टीच्या टोपणनावावरून या निर्मितीला ‘मॉलीवूड’ असे गमतीने म्हटले जाते. हा एका कंपनीचा कारभार नव्हे. चित्रपटवेड्या मित्रांचा तो गोतावळा आहे. ‘मालेगाव के शोले’ (२०००) आणि ‘मालेगाव का सुपरमॅन’ ही त्यातली सर्वाधिक परिचित नावे.

पार्श्वभूमी : मोसम व गिरणा नद्यांच्या परिसरात, मुंबई–आग्रा महामार्गावर वसलेले मालेगाव हे यंत्रमागांचे गाव. १८५७ नंतरच्या काळात उत्तर भारतातून आलेल्या विणकर कुटुंबांनी येथे हातमाग रोवले, पुढे त्यांची जागा यंत्रमागांनी घेतली. लोकसंख्येत मुस्लिम समाज बहुसंख्य असल्याने मागांची साप्ताहिक सुटी शुक्रवारी असते. आठवडाभर खडखडाटात पाळ्या करणारा कामगार या दिवशी चित्रपटगृहाकडे किंवा व्हिडिओ पार्लरकडे वळत असे. व्हिडिओ पार्लर म्हणजे एखादी खोली, दूरदर्शन संच, व्हिसीआर आणि बसायला बाकडी; तिकीट चित्रपटगृहापेक्षा स्वस्त. मालेगावच्या चित्रपटांना तयार प्रेक्षक मिळाला तो या खोल्यांत.

आरंभ : या चित्रपटांचे प्रवर्तक म्हणून नासिर शेख यांचे नाव घेतले जाते. लग्नसमारंभांचे चित्रण करणे आणि व्हिडिओ पार्लर चालवणे हे त्यांचे व्यवसाय. पार्लरमध्ये हिंदी चित्रपटांबरोबरच चार्ली चॅप्लिन, बस्टर कीटन, ब्रूस ली यांचे चित्रपट ते दाखवत. दोन व्हिसीआर जोडून एका फितीवरचे तुकडे दुसरीवर उतरवता उतरवता ते संकलन शिकले. चित्रपटशिक्षणाची कोणतीही संस्था त्यांनी पाहिलेली नव्हती; प्रेक्षक कुठे हसतो आणि कुठे चुळबुळ करतो, हे मात्र रोज समोर दिसत होते.

‘मालेगाव के शोले’ सुमारे पन्नास हजार रुपयांत तयार झाला. रमेश सिप्पी यांच्या मूळ ‘शोले’ला (१९७५) तीन कोटींच्या घरात खर्च आला होता. डाकूंच्या घोड्यांऐवजी येथे सायकली आल्या आणि आगगाडीवरच्या दरोड्याऐवजी बसवरचा. गब्बर सिंगचा ‘रबर सिंग’ झाला, बसंतीची ‘बासमती’. घोडे परवडत नव्हते म्हणून सायकली आणल्या, आणि सायकलीवरून दरडावत येणारा डाकू हाच चित्रपटाचा सर्वांत मोठा विनोद ठरला. पुढच्या निर्मितीने हीच रीत धरली : जे परवडत नाही ते लपवायचे नाही, उघड दाखवून त्याचाच विनोद करायचा.

निर्मितीची पद्धत : साधने घरगुती आणि उसनवारीची. लग्नाच्या चित्रणाचा कॅमेरा चित्रपटासाठी वापरला जाई. तो सरकत न्यायचा तर सायकल, उंचावरून दृश्य घ्यायचे तर क्रेनऐवजी बैलगाडी. ‘मालेगाव का सुपरमॅन’मध्ये उड्डाणाची दृश्ये हिरव्या कापडासमोर नायकाला आडवा धरून घेतली गेली आणि मागचे आकाश संगणकावर बसवण्यात आले. याच चित्रणाच्या वेळी कॅमेरा पाण्यात पडला आणि काम खोळंबले. लेखक, नट, तंत्रज्ञ असे काटेकोर विभाग नसत. फरोग जाफरी, अक्रम खान यांच्यासारखे सहकारी लेखनापासून अभिनयापर्यंत पडेल ते काम करत. पोटापाण्याचा धंदा सांभाळून उरलेल्या वेळात चित्रण चाले.

स्थानिक स्त्रिया पडद्यावर काम करत नसल्याने नायिका बाहेरगावाहून आणाव्या लागत. ही अडचण चित्रपटांना नवी नाही. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी (१९१३) तारामती करायला स्त्री मिळाली नाही, तेव्हा उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना ती भूमिका दिली गेली.

प्रमुख चित्रपट : ‘मालेगाव के शोले’नंतर ‘मालेगाव की शान’सारखी विडंबने आली. ‘मालेगाव का सुपरमॅन’ हा त्यांतला सर्वांत धाडसी प्रयोग. त्याचा नायक अंगाने किरकोळ, दम्याने बेजार, आणि त्याच्या चड्डीची नाडी बाहेर लोंबत असलेली. त्याची लढाई परग्रहावरच्या शत्रूशी नसून गावातल्या घाणीशी आणि तंबाखूच्या व्यसनाशी आहे. खलनायकाला घाण प्रिय आहे. नायकाची भूमिका यंत्रमागावर काम करणाऱ्या शफीक शेख यांनी केली. चित्रण चालू असतानाच त्यांचे लग्नही झाले. पुढे त्यांना तोंडाचा कर्करोग झाला आणि २०११ मध्ये त्यांचे निधन झाले. व्यसनाविरुद्ध लढणाऱ्या पात्राच्या विनोदाकडे त्यानंतर पूर्वीसारखे पाहता येत नाही. नासिर शेख यांनी पुढे ‘मालेगाव का चिंटू’ ही मूकविनोदाच्या धर्तीची मालिकाही केली.

दखल : फैजा अहमद खान यांनी ‘मालेगाव का सुपरमॅन’च्या निर्मितीचा मागोवा घेणारा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट २००८ मध्ये पूर्ण केला. देशोदेशींच्या महोत्सवांत तो दाखवला गेला आणि २०१२ मध्ये भारतातील चित्रपटगृहांत प्रदर्शित झाला. २००६ व २००८ मधील बॉम्बस्फोटांमुळे बाहेरच्यांना ठाऊक झालेल्या मालेगावची वेगळी ओळख त्याने करून दिली. रीमा कागती दिग्दर्शित, वरुण ग्रोव्हर लिखित ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ हा कथापट २०२४ च्या टोरांटो महोत्सवात दाखवला गेला व २८ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला. आदर्श गौरव यांनी त्यात नासिर यांची, विनीत कुमार सिंग यांनी फरोग यांची आणि शशांक अरोरा यांनी शफीक यांची भूमिका केली.

कोकणातील साधर्म्य : सर्वांना पाठ असलेली थोर कथा घ्यायची आणि ती गावच्या बोलीत, गावच्या तुटपुंज्या साधनांत उभी करायची, ही युक्ती सिंधुदुर्गात रंगभूमीवर फार पूर्वीपासून आहे. दशावतार या तिथल्या लोकनाट्यात लिखित संहिता नसते. आख्यान ठरले की संवाद नट रंगमंचावर रचतात. रंगभूषा स्वतःची स्वतः, सामान पेटाऱ्यात, स्त्रीपार्ट पुरुषांकडे. देव आणि राजे प्रमाण मराठीत बोलतात, संकासुर हा राक्षस मात्र मालवणीत बोलतो आणि हशा तिथेच पिकतो. गंगाराम गवाणकर यांच्या ‘वस्त्रहरण’ या मालवणी नाटकाचा (१९८०) विषयच गावच्या हौशी मंडळींनी महाभारतातला प्रसंग उभा करताना उडवलेली धांदल हा आहे. मच्छिंद्र कांबळी यांनी ते घराघरांत पोहोचवले. ‘वस्त्रहरण’ला महाभारत जसे, तसे ‘मालेगाव के शोले’ला ‘शोले’ : मूळ कथेची थट्टा होत नाही, तिला पुरे पडू न शकणाऱ्या स्वतःचीच थट्टा होते.

सिंधुदुर्गाच्या मातीतली ही परंपरा पुढे पडद्यावरही आली. अभिजीत वारंग यांचा ‘पिकासो’ (२०१९) दशावतारी नट असलेला बाप आणि त्याचा चित्रकार मुलगा यांची गोष्ट सांगतो; ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याचा विशेष उल्लेख झाला. तो मात्र व्यावसायिक नटांचा चित्रपट आहे, हौशी मंडळाचा नव्हे.

मूल्यमापन : तांत्रिक सफाईच्या कसोटीवर हे चित्रपट टिकत नाहीत आणि त्यांचा तसा दावाही नाही. प्रेक्षक आणि नट एकाच गल्लीतले असल्याने पडद्यावरचा डाकू कोणाच्या दुकानात बसतो हे पाहणाऱ्याला ठाऊक असते. निम्मा विनोद या ओळखीतून येतो. त्यामुळे बाहेरगावच्या प्रेक्षकाला तो पूर्ण लागत नाही. मोबाइल व स्वस्त इंटरनेट आल्यावर व्हिडिओ पार्लरचे दिवस सरले आणि खानदेशी विनोद यूट्यूबवरच्या छोट्या चित्रफितींकडे सरकला. सिंधुदुर्गात कार्तिकानंतर गावोगावी जत्रा भरते आणि देवळापुढे दशावतार उभा राहतो, म्हणून तिथल्या हौसेला दरवर्षी दिवस आणि जागा मिळते. मालेगावच्या हौसेला शुक्रवार अजून आहे. बाकडी मांडलेली खोली उरलेली नाही.