हातप्रेस, मिठाची चकती आणि डीएनए

आजची गोष्ट एका हातप्रेसची. एमएस्सीला असताना आमच्या लॅबच्या कोपऱ्यात ती होती. जड लोखंडी चौकट, खाली तेलाची टाकी, बाजूला दांडा. दांडा हापशासारखा खालीवर करायचा, की काटा चढत चढत दहा टनांवर जायचा. दहा टन, आणि तेही माझ्यासारख्या काडीपैलवानाच्या हातून!

ही करामत जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराची. लहान दट्ट्यावर दिलेला दाब द्रवातून मोठ्या दट्ट्यावर जसाच्या तसा पोचतो, हे पास्कलने सतराव्या शतकातच सांगून ठेवलं होतं. मोठ्या दट्ट्याचं क्षेत्रफळ शंभरपट असेल तर जोरही शंभरपट. फक्त तो सरकतो शंभरावा हिस्सा. ब्रामाने १७९५ मध्ये यावर चालणाऱ्या प्रेसचं पेटंट घेतलं.

पण भुकटी दाबून घट्ट वस्तू करायची कल्पना आली चक्क पेन्सिलीतून. इंग्लंडच्या बॉरोडेल खाणीतलं उत्तम ग्रॅफाइट संपत आलं होतं, उरला होता चुरा. विल्यम ब्रॉकडन हा घड्याळजीचा मुलगा, पेशाने चित्रकार. त्याने तो चुरा आधी हवा काढून घेऊन मग दाबला, कारण कणांमध्ये हवा अडकली की वडी ठिसूळ होते. १८४३ मध्ये त्याने साच्यात भुकटी दाबून औषधाच्या गोळ्या करण्याचंही पेटंट घेतलं. आज आपण गिळतो ती टॅब्लेट याच घराण्यातली.

आता थेट १९५० च्या आसपासच्या अमेरिकेत येऊ. मिशिगनमधलं एड्रियन गाव, तिथलं सिएना हाइट्स हे डॉमिनिकन नन्सचं छोटंसं कॉलेज. तिथे रसायनशास्त्र शिकवायच्या सिस्टर मिरियम मायकेल स्टिम्सन. त्या डीएनएच्या बेसेसवर, म्हणजे डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या ज्यांच्या बनतात त्या रेणूंवर, काम करत होत्या. इन्फ्रारेड किरण पदार्थातून सोडले की कोणता बंध कोणते किरण शोषतो यावरून रेणूची ठेवण कळते. पण हे बेसेस सहजी विरघळत नाहीत. पाणी घ्यावं तर पाणीच इन्फ्रारेड भरपूर शोषतं. पॅराफिन तेलात खलावं तर आलेखात तेलाच्या स्वतःच्या रेषा घुसतात.

उपाय निघाला पोटॅशियम ब्रोमाइडचा. हा आपल्या मिठाचाच भाऊबंद. इन्फ्रारेडच्या कामाच्या पट्ट्यात तो जवळजवळ पारदर्शक असतो, आणि मोठ्या दाबाखाली त्याचे कण एकमेकांत मिसळून काचेसारखी चकती होते. त्यात चिमूटभर नमुना मिसळला की झालं. स्टिम्सन आणि त्यांच्या सहकारी मेरी ओडॉनेल यांनी १९५२ मध्ये ही पद्धत छापली. गंमत म्हणजे त्याच वर्षी जर्मनीत शीट आणि राइनवाइन यांनीही स्वतंत्रपणे तीच पद्धत मांडली.

याला इतकं महत्त्व का? त्या काळच्या पाठ्यपुस्तकांत ग्वानिन आणि थायमिन यांचं एनॉल रूप छापलेलं असायचं, म्हणजे ऑक्सिजनवर हायड्रोजन बसलेला, -ओएच गट. कीटो रूपात तो हायड्रोजन नायट्रोजनवर असतो. फरक एका हायड्रोजनच्या जागेचा, पण एनॉल धरलं तर जोड्या नीट जुळतच नाहीत. १९५३ च्या सुरुवातीला जेरी डोनोह्यूने वॉटसनला ही चूक दाखवली आणि दुहेरी सर्पिलाच्या पायऱ्या बसल्या. बेसेसची खरी रूपं प्रयोगाने पक्की करायच्या कामात मिठाच्या या चकत्यांचा वाटा होता. तरी डीएनएच्या गोष्टीत सिस्टर स्टिम्सन यांचं नाव क्वचितच येतं.

आता माझी फजिती. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस. अकीकाच्या खलात दोनशे मिलिग्रॅम ब्रोमाइड आणि दोन मिलिग्रॅम नमुना घोटला, १३ मिलिमीटरच्या डायमध्ये भरला, दांडा मारला. चकती निघाली दुधी. तरी तशीच यंत्रात लावली. ३४०० च्या आसपास हा भलामोठा पट्टा! मी खुशीत वहीत लिहिलं, ‘-ओएच गट सापडला.’ सरांनी आलेख पाहिला, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, “अरे, हा तुझा रेणू नाही, हा पाऊस आहे.”

ब्रोमाइड हवेतला ओलावा ओढून घेतं. पाण्याचा एक पट्टा ३४०० जवळ येतो, दुसरा १६४० जवळ. म्हणजे ओएच शोधायची जागाही भिजलेली आणि कीटोची ओळख पटवायची जागा शेजारीच! कोरडी भुकटी, डायमधून हवा ओढणारा पंप, दिव्याखाली ठेवलेला खल, हे सगळं मला तोवर उगाच सोवळं वाटायचं. त्या दिवशी कळलं, की या सोवळ्याशिवाय डीएनएच्या बेसेसबद्दलही कुणी माझ्यासारखंच छातीठोक चुकीचं लिहिलं असतं.

मी ब्रोमाइड रात्रभर ओव्हनमध्ये ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दांडा मारला. चकती स्वच्छ निघाली. तो पट्टा गायब, आणि त्याच्याबरोबर माझा शोधही.

आता बऱ्याच लॅबमध्ये नमुना थेट हिऱ्याच्या स्फटिकावर टेकवतात, चकती लागतच नाही. हातप्रेस कोपऱ्यात धूळ खात असते. तुमच्या कॉलेजात ती दिसली तर एकदा दांडा मारून बघा. आणि हो, पावसाळ्यात नको! भेटू पुढच्या भागात.