स्टोइक तत्त्वज्ञान म्हणजे गप्प बसून सोसणं का? शहापूर-मुरबाडच्या उदाहरणांतून समजून घ्या

रोमन सम्राटाचा संगमरवरी पुतळा, मागे गंभीर संगीत आणि ‘कशाचंच मनाला लावून घेऊ नका’ असा संदेश. अशी एखादी रील बहुतेकांनी पाहिलेली असते. ‘स्टोइक’ हा शब्द अनेकांच्या फोनवर पोहोचला तो असाच. सोबत दोन गैरसमजही आले. एक, स्टोइक माणूस म्हणजे भावनाच नसलेला दगड. दोन, स्टोइक होणं म्हणजे वाट्याला आलेलं निमूट सोसणं.

दोन्ही समज चुकीचे आहेत. त्यातला दुसरा जास्त महागात पडू शकतो. ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतलं रोजचं जगणं समोर ठेवलं, की ते का, हे लगेच कळतं.

स्टोइक म्हणजे कोण?

इसवी सनापूर्वी ३००च्या सुमारास झेनो नावाच्या विचारवंताने अथेन्समध्ये ही परंपरा सुरू केली. तो जिथे शिकवायचा त्या चित्रांनी सजलेल्या ओसरीला ग्रीक भाषेत ‘स्टोआ’ म्हणत. त्यावरून ‘स्टोइक’ हे नाव पडलं. पुढे रोममध्ये तीन नावं गाजली: राजकारणी आणि लेखक सेनेका, गुलाम म्हणून जन्मलेला एपिक्टेटस आणि सम्राट मार्कस ऑरेलियस (१२१ ते १८०). गुलाम आणि सम्राट, दोघांनाही एकच विचार उपयोगी पडला, हे या परंपरेचं वेगळेपण.

शहाणपण, धैर्य, न्याय आणि संयम हे स्टोइकांचे चार मुख्य सद्गुण. यातला ‘न्याय’ रील्समध्ये सहसा गाळला जातो.

मूळ सूत्र: हातातलं आणि हाताबाहेरचं

एपिक्टेटसची शिकवण त्याचा शिष्य एरियन याने लिहून ठेवली. तिची सुरुवातच एका भेदापासून होते. आपले विचार, निर्णय आणि प्रयत्न आपल्या हातात असतात. हवामान, दुसऱ्यांची मतं आणि अंतिम निकाल आपल्या हातात नसतात.

मुरबाडमधल्या भातशेतीचं उदाहरण घ्या. भात कापून शेतात पसरलंय आणि ऑक्टोबरचा परतीचा पाऊस कोसळला. पाऊस हाताबाहेरचा. पण उरलेलं पीक उचलणं, नुकसानीचे फोटो काढणं, पंचनाम्यासाठी तलाठ्याला लगेच कळवणं हे हातातलं. दुःख होणारच आणि स्टोइक ते नाकारत नाहीत. पुढचा तास कुठे खर्च करायचा, एवढंच ते विचारतात.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींनाही हे लागू पडतं. स्टोइक धनुर्धाऱ्याचा दाखला देत. नेम नीट धरणं त्याचं काम, पण बाण सुटल्यावर वारा आला तर तो काय करणार? रोजचा सराव आणि अभ्यास म्हणजे नेम. कट-ऑफ किती लागेल, हा वारा.

सकाळची तयारी आणि रात्रीचा हिशोब

एपिक्टेटस सांगतो, सार्वजनिक स्नानगृहात जाण्याआधी तिथे काय होतं ते आठवा: कोणी पाणी उडवतं, कोणी ढकलतं, कोणी शिव्या देतं, कोणी वस्तू चोरतं. हे गृहीत धरून गेलात तर डोकं ठिकाणावर राहतं.

आसनगाव किंवा खर्डीहून रोज लोकल पकडणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. कसारा मार्गावर गाड्या कमी, एक चुकली की बराच वेळ खोळंबा. गाडी उशिरा येईल, दारात धक्काबुक्की होईल, हे घरातून निघतानाच मनात धरलं, तर डब्यातल्या अनोळखी माणसावर राग निघत नाही. शक्य असेल तर आधीची गाडी पकडायचंही सुचतं.

सेनेका रोज रात्री दिवसाचा आढावा घ्यायचा. आज कुठे चुकलो, काय बरं केलं, उद्या काय बदलायचं, असे साधे प्रश्न. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुपारी रागाच्या भरात टाकलेला मेसेज रात्री पुन्हा वाचून पाहणं, हाही तोच आढावा.

हा विचार मराठीत कसा आला?

रील्सच्या बऱ्याच आधी तो मानसोपचाराच्या वाटेने आला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये नवी उपचारपद्धती मांडली. आज ती आरईबीटी नावाने ओळखली जाते आणि मराठीत तिला ‘विवेकनिष्ठ मानसोपचार’ म्हणतात. घटनेपेक्षा घटनेबद्दलचा आपला समज आपल्याला जास्त त्रास देतो, ही एपिक्टेटसची कल्पना तिच्या मुळाशी आहे आणि एलिस यांनी ते ऋण मान्य केलं होतं. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी ही पद्धत आपल्याकडे रुजवली. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात ‘आयपीएच’ ही मानसिक आरोग्य संस्था सुरू केली आणि लेखन-व्याख्यानांतून हा विचार सामान्य मराठी माणसापर्यंत नेला.

मग पाण्यासाठी भांडायचंच नाही का?

भातसा आणि तानसा ही धरणं शहापूर तालुक्यात आहेत. तानसा १८९२ मध्ये पूर्ण झालं. मुंबईच्या पाण्याचा जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसातून जातो. तरीही उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या अनेक गाव-पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते आणि बायका डोक्यावर हंडे घेऊन चालतात.

अशा बाईला ‘जे हातात नाही ते सोडून दे, मन शांत ठेव’ असं सांगणं म्हणजे स्टोइक विचार नव्हे. याची दोन कारणं आहेत.

पहिलं, ‘माझ्या हातात काय?’ हा प्रश्न स्वतःला विचारायचा असतो. मार्कस ऑरेलियसने आपली टिपणं स्वतःसाठीच लिहिली होती. दुसऱ्याला गप्प करण्यासाठी हा प्रश्न वापरला की त्याचा अर्थच उलटतो. शिवाय हातातलं आणि हाताबाहेरचं यांतली रेषा प्रत्येकासाठी वेगळी असते. टँकरच्या प्रस्तावावर वेळेत सही करणं त्या बाईच्या हातात नाही, पण संबंधित अधिकाऱ्याच्या हातात नक्कीच आहे. तोच प्रश्न त्याने स्वतःला विचारला, तर उत्तर ‘शांत राहा’ असं येत नाही, ‘सही कर’ असं येतं.

दुसरं, न्याय हा सद्गुण. रोमन सिनेटर हेल्व्हिडियस प्रिस्कस याला सम्राट व्हेस्पेशियनने सभेला येऊ नकोस, आलास तर बोलू नकोस असं बजावलं. त्याचं उत्तर असं होतं: मला पदावरून काढणं तुझ्या हातात आहे, पण पदावर असेपर्यंत सभेला येणं आणि योग्य ते बोलणं हे माझं काम. त्याला हद्दपार केलं गेलं आणि पुढे मारण्यात आलं. एपिक्टेटस ही गोष्ट आदर्श म्हणून सांगतो.

शहापूरसाठी याचा अर्थ सरळ आहे. पाऊस आणि मुंबईची तहान हाताबाहेर. पण ग्रामसभेला जाणं, पाण्याचा ठराव मांडणं, टँकरचा प्रस्ताव कुठे अडला हे माहितीच्या अधिकारात विचारणं आणि भावली धरणातून पाणी आणण्याच्या योजनेचा पाठपुरावा करणं हातातलं. माहिती अधिकाराच्या अर्जाला साधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. यश मिळेल याची हमी स्टोइक देत नाहीत. अर्ज फेटाळला गेला तर खचून न जाता दुसरा लिहायची ताकद मात्र या विचारातून मिळू शकते. मुरबाडच्या रेल्वेसारख्या जुन्या मागणीलाही हेच लागू होतं.

मर्यादा कुठे?

हा औषधाला पर्याय नाही. झोप उडाली, सतत निराश वाटतंय, जगणं नकोसं झालंय, तर ‘मन घट्ट कर’ हा सल्ला पुरेसा नसतो. अशा वेळी सरकारच्या ‘टेलि-मानस’ हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं. मदत मागणं हा कमकुवतपणा नाही. तेही आपल्याच हातातलं आहे.

सुरुवात करायची असेल तर पुतळ्याची रील लागत नाही, एक कागद पुरतो. मधोमध रेघ ओढा. एका बाजूला हाताबाहेरचं लिहा, दुसऱ्या बाजूला हातातलं. मग दुसऱ्या बाजूचं पहिलं काम आजच करा.