दातांचा घसारा

आमच्या अण्णांची कवळी गेली पंचवीस वर्षं रात्री एका स्टीलच्या वाटीत पाण्यात झोपते. पन्नाशीला पोचेपर्यंत त्यांचे दात एकेक करून निवृत्त झाले होते. बी. कॉम.ला घसारा शिकल्यामुळे मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. टेबल झिजतं, टाइपरायटर झिजतो, तसा दातही झिजतो. दरसाल ठरावीक टक्के लिहून टाकायचे!

त्यामुळे चव्वेचाळिसाव्या वर्षी दात घासताना बेसिनमध्ये गुलाबी पाणी दिसू लागलं तेव्हा मी ते घसाऱ्याच्या खाती टाकलं. सौ. म्हणाली, "अहो, हे रक्त कुठून आलं?"

"ब्रश कडक आहे."

तिने मऊ ब्रश आणला. पाणी गुलाबीच. "मऊ ब्रशची सवय नाही," मी म्हणालो. बँकेच्या काउंटरवर वीस वर्षं काढलेला माणूस कारणांना कमी पडत नाही. पुढे मी नळ पूर्ण सोडून दात घासू लागलो. रक्तही दिसेना आणि प्रश्नही येईना.

दिवाळीत मात्र चकली चावताना एक दाढ बाजूला सरकली. लोकलमध्ये चौथ्या सीटला जागा देताना लोक सरकतात ना, तशी. मग दातांची डॉक्टरीण गाठली. वयाने माझ्या भाचीएवढी.

"दुखत होतं?"

"छे! अजिबात नाही," मी अभिमानाने सांगितलं.

"तीच तर पंचाईत आहे, काका."

'काका' हा शब्द दाढेपेक्षा जास्त लागला. तिने खुणा केलेली एक बोथट सळई हिरडीच्या कडेने फिरवली आणि मदतनीस मुलीला आकडे सांगू लागली, "तीन, तीन, चार, सात." मला वाटलं मार्क पडताहेत. सातला मी मनातून खूश झालो. नंतर कळलं, हे मिलिमीटर. तीनपर्यंत ठीक. सात म्हणजे हिरडीने दाताचं मूळ सोडलं आणि खालचं हाड खचलं. तंबाखू? नाही. साखर? तपासा. (तंबाखूवाल्यांच्या हिरड्यांतून म्हणे रक्तही कमी येतं. म्हणजे थकबाकी आहेच, वर नोटीसही नाही!)

थकीत खातं हाती आलं की आधी जुनी फाईल काढायची, ही आमची सवय. ही फाईल फार जुनी निघाली. सुश्रुताने दंतमुळांचे पंधरा रोग सांगितले आहेत. त्यातल्या 'शीतादा'त हिरड्यांतून अचानक रक्त येतं, 'दंतवेष्टा'त पू येतो आणि दात हलतात. दातावरच्या कीटणाला तो 'दंतशर्करा' म्हणतो आणि मुळाला न दुखवता ती खरवडून काढा म्हणतो. ज्याला संस्कृतात नाव होतं, त्याला मी ब्रश म्हणत होतो.

इसवी सन १००० च्या सुमाराला स्पेनमधल्या कॉर्डोव्हाच्या अल्-झहरावी या शल्यवैद्याने कीटण खरवडायच्या चौदा हत्यारांची चित्रं काढून ठेवली. चौदा! आमच्या डॉक्टरणीच्या ट्रेमध्येही एवढी नव्हती.

पण मला खरा जिव्हाळा वाटला तो हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेवेनहूकबद्दल. माणूस कापडाचा व्यापारी, शिवाय नगरभवनात नोकरी. म्हणजे आपल्यातलाच. रोज मिठाने दात घासायचा, तरी फटीत पांढरं काहीतरी उरायचंच. ते त्याने स्वतः घासलेल्या भिंगाखाली धरलं, तर वळवळणारे प्राणी! १६८३ साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला तसं पत्र लिहिलं. जन्मात दात न घासलेल्या एका म्हाताऱ्याच्या तोंडातलंही त्याने तपासलं. तिथे तर जत्रा भरली होती.

पॅरिसच्या पिएर फोशारने १७२८ साली दंतवैद्यकाचा मोठा ग्रंथ लिहिला. त्यात त्याने चुळा भरायला सकाळचं स्वतःचंच मूत्र सुचवलं आहे. यावर मी अधिक लिहीत नाही, सौ. हा लेख वाचणार आहे.

अमेरिकेतल्या हार्टफर्डचा जॉन रिग्ज मात्र मोठ्या मनाचा. ११ डिसेंबर १८४४ ला त्याने आपला मित्र होरेस वेल्स याला लाफिंग गॅस दिल्यावर त्याची दाढ उपटली, आणि वेल्सला दुखलं नाही. न दुखवता दात उपटता येतात म्हटल्यावर दुसरा कुणी जन्मभर उपटतच बसला असता. रिग्ज हलणारे दात वाचवायच्या मागे लागला. हिरड्या कापू नका, मुळापर्यंत खरवडा, हे त्याचं म्हणणं. अमेरिकन लोकांनी कृतज्ञतेने पायोरियालाच 'रिग्जचा रोग' म्हणायला सुरुवात केली.

पुढे गाडी उलटी फिरली. १९१० साली विल्यम हंटर या इंग्रज डॉक्टरने मॉन्ट्रियलला भाषण करून अंगातल्या अनेक दुखण्यांचं खापर तोंडातल्या घाणीवर फोडलं. मग काही दशकं सांधा धरला तरी काढ दात, पोट बिघडलं तरी काढ दात!

प्रयोगाने निकाल लागला तो थेट १९६५ साली, डेन्मार्कमध्ये. हाराल्ड लो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणं बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. घासणं सुरू केल्यावर आठवड्याभरात पूर्ववत! अण्णा त्या वर्षी मॅट्रिकच्या आसपास होते.

लो तिथे थांबला नाही. श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यातल्या ४८० मजुरांना त्याच्या मंडळींनी १९७० पासून पंधरा वर्षं तपासलं. कुणीच दात घासत नव्हतं, कीटण सगळ्यांना. तरी आठ टक्के मजुरांचे दात झपाट्याने गेले, पंचेचाळिशीला तोंड रिकामं. एक्याऐंशी टक्क्यांचं दुखणं मध्यम चालीने वाढलं. आणि अकरा टक्क्यांचं हिरडीच्या सुजेपुढे गेलंच नाही! एकाच कचेरीतल्या टेबलांना असा वेगवेगळा घसारा कुठला ऑडिटर मान्य करील? माझं खातंच चुकलं होतं.

दोन बैठकांत बधिर करून माझी मुळं खरवडली. खरवडल्याने दात ढिले होतात असं ऑफिसात सगळे सांगत होते. ढिले आधीच झालेले असतात, कीटणाने त्यांना धरून ठेवलेलं असतं. दोन महिन्यांनी बहुतेक ठिकाणचे सात चारावर आले. सरकणारी दाढ गेलीच. खचलेलं हाड आपण होऊन परत येत नाही. ते बुडीत कर्ज. आता दर तीन महिन्यांनी हजेरी आणि रात्री फटी साफ करायला बाटली धुण्याच्या ब्रशचं पिल्लू.

हे सगळं मी अण्णांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते.

"म्हणजे माझे राहिले असते?"

"कसं सांगणार, अण्णा? त्या आठ टक्क्यांतले असाल तुम्ही."

"टक्के तुझ्या बँकेत," म्हणत त्यांनी कवळी काढून वाटीत टाकली आणि काहीतरी बोलले. मला समजलं नाही. त्यांनी ती पुन्हा बसवली.

"चिरंजीवांना दाखवलंस का ते पिल्लू, विचारतोय."

मी उठलो. चिरंजीव बेसिनपाशी उभे राहून दात घासत होते. नळ पूर्ण सोडलेला होता.