गडचिरोलीची घरपोच बाळसेवा
गडचिरोलीतल्या खेड्यांत 1990च्या आसपास बाळंतपण घरीच होई, सुईणीच्या हातून. नवजात बाळ आजारी पडले तर तालुक्याचे रुग्णालय दूर आणि बाळंतिणीला बाहेर न काढण्याची रीत भक्कम. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने म्हणून उपचारच घरात नेले.

सुरुवात न्यूमोनियापासून झाली. निरक्षर सुईणींना बाळाचे श्वास मोजता यावेत यासाठी मणी आणि एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ असलेले साधन बनवले गेले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी धोक्याची खूण असलेला लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. इतके सोपे साधन शोधायला डोके लागते.

पुढे 1995 ते 1998 या काळात 39 गावांत नवजात बाळांवर प्रयोग झाला. जेमतेम शाळा शिकलेल्या गावातल्याच बायका ‘आरोग्यदूत’ झाल्या. त्या बाळाचे वजन करत, ऊब राखत, जंतुसंसर्गाची लक्षणे दिसल्यास जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देत. डॉक्टरांच्या जगाला हे धोक्याचे वाटणे साहजिकच होते. त्यावर उतारा म्हणजे कसून प्रशिक्षण, प्रत्येक बाळाची लेखी नोंद आणि पर्यवेक्षकाची नियमित फेरी. योजनेचा खरा कणा हाच. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हा अभ्यास 1999मध्ये छापला.

केंद्र सरकारने 2011मध्ये ही पद्धत आशा कार्यकर्तींमार्फत देशभर लागू केली. रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी सहा गृहभेटी ठरल्या, घरी जन्मलेल्यासाठी सात. इंजेक्शन मात्र आशांच्या नेहमीच्या कामात आले नाही.